भाषेची पदवी आणि स्पीच थेरपीचे दार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी मराठी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकत आहे. दोन वर्षांपूर्वी आजोबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ‘पाणी’ हा शब्द त्यांना सापडत नसे. पण संध्याकाळची आरती मात्र ते आमच्याबरोबर जवळजवळ पूर्ण म्हणत. हे कसे होते, हे मला अजून उलगडलेले नाही. तेव्हा घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट ताईंचे काम पाहून आपणही हेच करावे असे वाटू लागले. मराठीच्या पदवीवरून या क्षेत्रात जाता येते का? आमचे सर ‘हो’ म्हणतात, ताई ‘नाही’ म्हणाल्या.
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : ताईंचे उत्तर भारतापुरते बरोबर आहे आणि सरांचे उत्तर भारताबाहेर बऱ्याच ठिकाणी बरोबर आहे. तुम्ही साताऱ्यात आहात, तेव्हा आधी ताईंचे उत्तर पाहू.

आपल्याकडे स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते. या परिषदेला सगळे आरसीआय म्हणूनच ओळखतात, आणि तिचा कायदा १९९२ चा आहे. स्वतंत्रपणे तपासणी आणि उपचार करण्यासाठीची पदवी म्हणजे बीएएसएलपी, म्हणजे श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचार यांची बॅचलर पदवी. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी ती चार वर्षांची आहे. तिच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन विषय असावेच लागतात. तिसरा विषय जीवशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मानसशास्त्र यांपैकी चालतो. पुढची मास्टर्स पदवी बीएएसएलपी झालेल्यांनाच मिळते. त्यामुळे मराठीची बी.ए. सोडाच, भाषाविज्ञानात एम.ए. करून पहिल्या वर्गात पहिली आलेली विद्यार्थिनीही थेट त्या मास्टर्सला बसू शकत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला हे अन्यायाचे वाटते, आणि मी विद्यार्थिदशेत असताना माझ्या एका भाषावेड्या मैत्रिणीला ते तसे वाटलेही होते. परंतु यामागे एक कारण आहे आणि ते समजून घेतले की राग थोडा निवळतो. आपली ही पदवी दुहेरी आहे. तिच्यात श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचार हे दोन व्यवसाय एकत्र शिकवले जातात. जी व्यक्ती उद्या तान्ह्या बाळाची श्रवणचाचणी करणार, श्रवणयंत्र बसवून त्याचे सेटिंग करणार, तिला ध्वनीची वारंवारता, अनुनाद आणि विद्युत्‌मंडले समजलीच पाहिजेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌ श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाखाली. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग संस्था मुळात श्रवणदोष असलेल्यांसाठी होती. आपल्याकडे या विद्येचा जन्मच कानाच्या आणि घशाच्या दवाखान्याशेजारी झाला आणि भाषेचा विभाग तिच्यापासून दूर, दुसऱ्या इमारतीत राहिला.

इंग्लंडमध्ये उलट घडले. तिथे या व्यवसायाची एक शाखा वैद्यकातून आली आणि दुसरी वक्तृत्व शिकवणाऱ्या शिक्षकांकडून. १९७२ साली तिथल्या सरकारने नेमलेल्या एका समितीने स्पीच थेरपीच्या सेवांबद्दल अहवाल दिला. त्या समितीचे अध्यक्ष होते रँडॉल्फ क्वर्क, म्हणजे कोणी डॉक्टर नव्हे, तर इंग्रजी व्याकरणाचे प्राध्यापक. या व्यवसायाच्या अभ्यासाचा गाभा भाषा हाच असला पाहिजे आणि व्यवसायात येणारा पदवीधर असला पाहिजे, असे त्या अहवालाने ठामपणे मांडले. श्रवणशास्त्र तिथे वेगळा व्यवसाय आहे. म्हणून आज तिथे भाषा, भाषाविज्ञान किंवा मानसशास्त्र यांत पदवी घेतलेला विद्यार्थी दोन वर्षांची मास्टर्स करून स्पीच थेरपिस्ट होतो. तुमच्या सरांनी बहुधा याच वाटेबद्दल वाचले असावे.

आता तुमच्यापुरते. तुमच्यापुढे काही वाटा आहेत आणि त्या सारख्या नाहीत.

पहिली वाट लांबची आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून विज्ञानाचे विषय घेऊन बारावी करायची आणि मग बीएएसएलपीला अर्ज करायचा. तुम्ही आता एकवीस वर्षांच्या असाल, तर इंटर्नशिप संपेपर्यंत सव्विसावे-सत्ताविसावे वर्ष उजाडेल. ज्या महाविद्यालयात प्रवेश हवा आहे, त्याला ही बारावी चालते का, हे परीक्षेचा अर्ज भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. तोंडी ‘हो, चालेल’ यावर दोन वर्षे खर्ची घालू नयेत.

दुसरी वाट तुमच्या आजच्या पदवीवरून सरळ निघते. श्रवणदोष या विषयातील विशेष बी.एड. दोन वर्षांचे असते, ते आरसीआयच्या मान्यतेचे असते आणि त्याला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. कर्णबधिर मुलांना भाषा शिकवणे हे त्यातले मुख्य काम आहे. जे मूल ऐकू येत नसल्यामुळे विभक्तीचे प्रत्यय कधी नीट ऐकतच नाही, त्याला ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’ यांतला फरक उभा करून दाखवायचा, हे मराठीच्या पदवीधराला जितके चांगले जमू शकते तितके दुसऱ्या कोणाला क्वचितच जमेल. माझ्या मते या वाटेकडे मराठीचे विद्यार्थी पुरेसे पाहत नाहीत, आणि ज्या शाळांत असे शिक्षक आहेत तिथला फरक डोळ्यांना दिसतो. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची दोन वर्षांची पदविकाही आहे. तिला तर बारावीची कोणतीही शाखा चालते.

तिसरी वाट संशोधनाची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञानाची एम.ए. करून वाचाघात (मेंदूला इजा झाल्याने भाषा हरवणे) किंवा बालभाषा या विषयांवर काम करता येते. यात रुग्णावर स्वतंत्रपणे उपचार करता येणार नाहीत, परंतु उपचार करणाऱ्यांना ज्या चाचण्या लागतात त्या तयार करण्याचे काम याच माणसांचे आहे, आणि मराठीत ते काम भरपूर शिल्लक आहे.

निर्णय घेण्यापूर्वी एक करा. परवानगी घेऊन एखाद्या रुग्णालयातील स्पीच थेरपी विभागात काही दिवस केवळ बसून पाहा. घरी येणाऱ्या ताईंचे काम तुम्ही एका रुग्णाच्या सोबतीने पाहिले आहे. विभागात पाहाल तेव्हा लक्षात येईल की कामाचा बराच भाग शब्दांचा नसतोच; पक्षाघातानंतर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाते आहे का, हे तपासणे आणि सुरक्षित गिळायला शिकवणे हेही याच माणसाचे काम आहे. भाषेच्या ओढीने आलेल्या अनेकांना हे ठाऊक नसते. काहींना ते आवडते, काहींना झेपत नाही. पण ते आधी कळलेले बरे.

राहिला आजोबांच्या आरतीचा प्रश्न. तुमच्या घरी दिसले ते वाचाघातात वारंवार दिसते. मनात एखादी गोष्ट धरून तिच्यासाठी शब्द शोधणे आणि हजारदा म्हटलेली ओळ चालीसकट पुढे नेणे, ही मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळी कामे आहेत. बहुतेकांच्या बाबतीत पहिले काम मेंदूच्या डाव्या भागावर फार अवलंबून असते, आणि नेमका तोच भाग दुखावलेला असतो. आरती, अंकांची उजळणी, वारांची नावे, इतकेच काय पण शिव्याही त्या झटक्यातून वाचू शकतात. १९७० च्या दशकात बॉस्टनमधील तज्ज्ञांनी याच निरीक्षणावर एक उपचारपद्धती बांधली. तीत रोजचे वाक्य आधी चालीवर म्हणवून घेतात आणि मग हळूहळू चाल काढून घेतात. आरती म्हणता आली म्हणजे ‘पाणी’ आपोआप परत येईल असे मात्र नाही, आणि ‘आरती येते, मग मुद्दाम बोलत नाहीत’ असा घरच्यांचा समज तर पूर्ण चुकीचा आहे.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. तिला भाषा फार आवडतात. संस्कृतमध्ये तिला नेहमी पैकीच्या पैकी गुण असतात. तिला स्पीच थेरपिस्ट व्हायचे आहे. भाषेचे क्षेत्र म्हणून कला शाखा घ्यावी असे आम्हाला वाटते. योग्य आहे का?
– एक पालक, नांदेड

उत्तर : भारतात हे शिक्षण घ्यायचे असेल तर योग्य नाही. वरील उत्तरात दिल्याप्रमाणे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यावेच लागेल. विज्ञान शाखेतही संस्कृत किंवा मराठी हा भाषाविषय म्हणून ठेवता येतो, तो ठेवावा. बीएएसएलपीच्या अभ्यासक्रमात शरीररचना आणि ध्वनिशास्त्राबरोबर भाषाविज्ञानही असते, आणि व्यंजनांची स्थाने व प्रयत्न लहानपणीच पाठ झालेली मुलगी तिथे इतरांच्या चार पावले पुढे असते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही मांडणी आज आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या तक्त्यात आडव्या ओळीत जवळपास तशीच दिसते, फक्त ओठांकडून घशाकडे. महाराष्ट्रात मुंबईचे नायर रुग्णालय, वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि पुण्याचे भारती विद्यापीठ या ठिकाणी हे शिक्षण मिळते. प्रवेशाची पद्धत प्रत्येकाची वेगळी असू शकते, तेव्हा बारावीच्या वर्षातच माहितीपत्रके पाहून ठेवावीत.

प्रश्न : पुण्यात मी जर्मन विषयात बी.ए. आणि एम.ए. केले. लग्नानंतर तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहते आणि एका प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून काम करते. तिथे येणाऱ्या स्पीच थेरपिस्टमुळे या क्षेत्राची ओढ लागली. माझी पदवी इंग्रजीची नाही, उच्चार भारतीय आहेत, आणि विज्ञान तर दहावीनंतर सुटलेलेच. मी अर्ज करण्यात अर्थ आहे का? पुढे भारतात परत आलो तर या पदवीचा उपयोग होईल का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : अर्ज करण्यात नक्की अर्थ आहे. तुमच्या पत्रातील तिन्ही शंका मात्र सारख्या वजनाच्या नाहीत.

पदवी जर्मनची आहे हे तुमचे बलस्थान आहे. नोंदणीपूर्व मास्टर्स म्हणून ओळखला जाणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुळात दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठीच आखलेला असतो, आणि परकीय भाषेची पदवी घेतलेले विद्यार्थी त्यात नेहमी दिसतात. जर्मनचे व्याकरण प्रौढ वयात शिकताना तुम्ही क्रियापद वाक्याच्या शेवटी का जाते, तीन लिंगांशी विशेषण कसे जुळते, असे प्रश्न स्वतःला जाणीवपूर्वक विचारले आहेत. ज्याला भाषा आपसूक आलेली आहे त्याला वाक्याचे सांधे दिसत नाहीत; ते तुम्हाला दिसतात, आणि मुलाचे वाक्य कुठे अडते हे ओळखायला तीच नजर लागते. अर्जात भाषांची यादी देण्यापेक्षा हे सोदाहरण लिहा. शाळेतील कामाचा अनुभवही तपशिलाने लिहा, कारण प्रवेश देताना या व्यवसायाची प्रत्यक्ष ओळख आहे का, हे बारकाईने पाहतात. जमल्यास थेरपी असिस्टंटची नोकरी शोधा. तिला स्पीच थेरपीची पदवी लागत नाही आणि वर्षभरात पुष्कळ शिकायला मिळते.

विज्ञान सुटले आहे, याचा त्रास पहिल्या सहामाहीत होईल. मज्जासंस्था, स्वरयंत्र, गिळण्याची क्रिया हे सगळे वेगाने शिकवले जाते. तिथेही गिळण्याचे विकार अभ्यासक्रमाचा मोठा भाग आहेत. प्रवेशापूर्वीच्या उन्हाळ्यात शरीररचनेचे एक प्राथमिक पुस्तक नीट वाचून काढा, म्हणजे दम लागणार नाही.

इंग्रजीची बाब गंभीरपणे घ्यावी. ब्रिटनमध्ये ‘स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट’ हे नाव कायद्याने संरक्षित आहे आणि ते लावण्यासाठी आरोग्य व्यवसायांच्या परिषदेकडे, म्हणजे एचसीपीसीकडे, नोंदणी लागते. या परिषदेने परदेशी अर्जदारांकडून इतर व्यवसायांसाठी इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत ७ गुण मागितले आहेत; स्पीच थेरपिस्टकडून मात्र ८, आणि चारही भागांत किमान ७.५. विद्यापीठेही प्रवेशाला अशाच उंचीची अट ठेवतात. लेखनाचा भाग यात बहुतेकांना छळतो, तेव्हा तयारी तिथून सुरू करा. उच्चाराची भीती मात्र काढून टाका. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांत आपण मराठी माणसे फरक करत नाही, याला धाटणी म्हणतात, दोष म्हणत नाहीत. धाटणी आणि दोष यांतला फरक ओळखणे हा तर या व्यवसायाचा पहिला पाठ आहे.

लेस्टरसारख्या शहरात घरी गुजराती, पंजाबी, उर्दू, मराठी बोलणारी मुले दवाखान्यात येतात. अशा मुलाची तपासणी केवळ इंग्रजीत केली तर त्याला काय येते यापेक्षा काय येत नाही एवढेच कळते. दुभाष्याच्या मदतीने घरच्या भाषेत तपासतात, पण तिथे एक गंमत घडते: दुभाषा सवयीने मुलाचे मोडके वाक्य सुधारून सांगतो आणि नेमकी हवी ती चूक हरवते. दोन भाषा आतून जाणणारा थेरपिस्ट अशा वेळी फार मोलाचा ठरतो. जाता जाता, ‘मुलाशी घरी मराठी बोलू नका, त्याने बोलणे उशिरा येते’ असा सल्ला परदेशातील मराठी घरांत अजून फिरतो. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. आजी-आजोबांची भाषा तोडल्याने मात्र मुलाचे बोलण्याचे निम्मे प्रसंग नाहीसे होतात.

खर्चाचे पाहताना फी स्थानिक दराने लागेल की परदेशी विद्यार्थ्याच्या, हे व्हिसा आणि वास्तव्याच्या कालावधीवर अवलंबून असते. ते विद्यापीठाला विचारा. इंग्लंडमध्ये पात्र विद्यार्थ्यांना आरोग्यसेवेकडून वर्षाला ५,००० पौंडांचे प्रशिक्षण अनुदान मिळते, पण तेही वास्तव्याच्या अटींनी बांधलेले आहे. तुमची बहीण किंवा मैत्रीण अमेरिकेत असेल आणि तिला हाच प्रश्न पडला असेल, तर तिथेही भाषेच्या पदवीवरून मास्टर्सला जाता येते. परंतु आधी काही पायाभूत विषय आणि जीवशास्त्र, संख्याशास्त्र यांचे पेपर पूर्ण करावे लागतात, शिक्षणकाळात ४०० तासांचा प्रात्यक्षिक अनुभव घ्यावा लागतो आणि नंतर किमान ३६ आठवड्यांची देखरेखीखालील नोकरी करावी लागते.

भारतात परतण्याबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. परदेशी पदवी मिळाली म्हणून इथली नोंदणी आपोआप मिळत नाही. आरसीआय समकक्षता तपासते, आणि तुमच्या दोन वर्षांच्या शिक्षणात श्रवणशास्त्राचा जो भाग नसेल तो इथे विचारला जाऊ शकतो. कायमचे परतण्याचा विचार पक्का असेल तर प्रवेश घेण्याआधीच परिषदेला अभ्यासक्रमाचा तपशील पाठवून लेखी उत्तर मागवा. परतण्याचा विचार धूसर असेल तर त्यासाठी अडून राहू नका.

प्रश्न : मी एम.ए. मराठी आहे. तीन महिन्यांचा ऑनलाइन स्पीच थेरपी सर्टिफिकेट कोर्स केला आहे. आमच्या तालुक्यात एकही स्पीच थेरपिस्ट नाही. छोटे केंद्र सुरू करू का?
– एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : करू नका. नोंदणी नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणे हा १९९२ च्या कायद्याने गुन्हा आहे; त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाची रक्कम पाहून हसू येईल, पण माझा आक्षेप दंडापुरता नाही. जे मूल बोलत नाही त्याला कदाचित ऐकू येत नसेल. श्रवणचाचणी न करता त्याच्याकडून सहा महिने ‘अ, आ, इ’ घोकून घेतले, तर श्रवणयंत्राचा सर्वांत मोलाचा काळ वाया जातो आणि तो पुन्हा मिळत नाही. तालुक्यात कोणी नाही ही अडचण खरी आहे. अशा मुलांना जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवणे, दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद करून देणे, थेरपिस्टने दिलेला घरचा अभ्यास आईवडिलांकडून करून घेणे, हे काम तुम्ही आजपासून करू शकता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र उल्लेख आहे, हे ग्रामीण भागात अनेकांना माहीत नसते.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षिका आहे. माझ्या सात वर्षांच्या नातवाला शहरातील शाळेने स्पीच थेरपीला न्यायला सांगितले आहे, कारण तो ‘पानी’, ‘लोनी’ असे बोलतो, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो. आमच्या घरात सगळे असेच बोलतात! शिवाय तो ‘र’ ऐवजीही ‘ल’ म्हणतो. स्पीच थेरपिस्टला आमची वऱ्हाडी कळेल का? या शिक्षणात भाषेचा अभ्यास खरोखर किती असतो?
– एक आजी, अमरावती

उत्तर : आजी, तुमच्या पत्रातच उत्तराचा अर्धा भाग आहे. ‘आमच्या घरात सगळे असेच बोलतात’ हे वाक्य चांगला थेरपिस्ट सर्वांत आधी वहीत लिहून घेतो.

‘पानी’ आणि ‘डोया’ हे तुमच्या नातवाचे दोष नाहीत, ते त्याच्या बोलीचे नियम आहेत. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो तो चुकून येत नाही, ‘काया’, ‘डोया’, ‘जवय’ असा ठरून येतो. जो बदल घरातील सगळे करतात आणि सगळीकडे सारखाच करतात, तो बोलीचा. जो बदल केवळ हे मूल करते आणि घरातील इतर करत नाहीत, तो तपासायचा. शाळेला प्रमाण मराठी हवी असेल तर ती वर्गात शिकवावी, त्यासाठी मुलाला दवाखान्यात पाठवू नये. दुर्दैवाने शाळांकडे ही गाळणी नसते, आणि खरे सांगायचे तर सगळ्या थेरपिस्टकडेही नसते. उच्चारचाचणीच्या चित्रांची यादी पुण्या-मुंबईच्या मराठीवर बेतलेली असेल, तर अमरावतीचे निरोगी मूलही तिच्यात चार ठिकाणी अडखळलेले दिसेल.

भाषेचा अभ्यास इथे कसा उपयोगी पडतो, हे एका उदाहरणाने सांगते. एखादे मूल ‘कावळा’ला ‘तावळा’ म्हणते, ‘गाय’ला ‘दाय’, ‘खाऊ’ला ‘थाऊ’. पालक सांगतात, ‘त्याला बरीच अक्षरे येत नाहीत.’ भाषा शिकलेल्याला मात्र दिसते की अक्षरे अनेक असली तरी चूक एकच आहे: जिभेच्या मागच्या भागाने काढायचे सगळे कंठ्य ध्वनी मूल जिभेच्या पुढच्या भागाने, दातांपाशी काढते आहे. श्वास सोडणे आणि कंठ घुमवणे त्याला अगदी बरोबर जमते. म्हणून तर ‘ख’चा ‘थ’ होतो आणि ‘ग’चा ‘द’ होतो, उलटसुलट होत नाही. मग उपचारही एकेका अक्षराचा करावा लागत नाही. मुलापुढे दोन चित्रे ठेवतात, एक गार पाण्याच्या माठाचे आणि एक दाराचे. मूल ‘गार’ म्हणायला जाते आणि तोंडातून ‘दार’ निघते, तेव्हा थेरपिस्ट गंभीर चेहऱ्याने उठून खरोखर दार उघडते. मूल गोंधळते, रागावते, हसते. आणि एका ध्वनीने अर्थ बदलतो हे त्याला कोणी न समजावता समजते. आपण वर्गात ‘स्वनिम’ या नावाखाली जे शिकवतो, ते एवढेच आहे.

या दोन शास्त्रांचे नाते जुने आहे. रोमान याकोबसन या भाषावैज्ञानिकाने १९४१ साली असा विचार मांडला होता की मूल ध्वनी ज्या क्रमाने मिळवते, त्याच्या उलट क्रमाने ते वाचाघातात हरवतात. पुढच्या अभ्यासात हा नियम इतका सरळ नाही असे दिसले, तरी बालभाषा आणि वाचाघात यांच्याकडे भाषेच्या रचनेच्या अंगाने पाहण्याची सवय त्यातून लागली. १९७६ साली डेव्हिड क्रिस्टल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मुलाचे बोलणे व्याकरणाच्या पायऱ्यांवर मांडून दाखवणारी एक पद्धत प्रसिद्ध केली, आणि नंतर अनेक भाषांसाठी तिची रूपे तयार झाली. मराठीचे प्रश्न अर्थातच तिचे स्वतःचे आहेत. आपल्या ‘च’ आणि ‘ज’ला लिपीत एकच अक्षर असले तरी उच्चार दोन आहेत, ‘चहा’तला ‘च’ वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा, दुनिया या अर्थाचे ‘जग’ वेगळे आणि ‘जगून दाखव’मधले वेगळे. चाचणीत यांपैकी एकच घेतला तर अर्धा ध्वनी तपासायचा राहतो. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांत क्रियापद बोलणाऱ्याला सोडून खाण्याच्या वस्तूच्या मागे जाते; इंग्रजीवरून आणलेल्या चाचणीला याचा पत्ताच नसतो, आणि वाचाघाताच्या मराठी रुग्णाचे वाक्य मोडते ते पुष्कळदा याच सांध्यावर.

अभ्यासक्रमात हे सगळे असते का, असे आपण विचारले आहे. भाषाविज्ञान आणि स्वनविज्ञान असते, पण चार वर्षांच्या गर्दीत त्याला मिळणारी जागा मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे. आणि बोलींचा अभ्यास तर प्रत्येक थेरपिस्ट रुग्णांकडूनच शिकतो. तेव्हा आपल्या थेरपिस्टला वऱ्हाडी कळेल की नाही याची वाट न पाहता आपणच थोडे काम करून न्या. मराठीच्या शिक्षिकेला ते सहज जमेल. आठवडाभर एक वही ठेवा. नातू जो शब्द वेगळा बोलतो तो एका बाजूला आणि त्याचा बाप किंवा आपण स्वतः तो कसा बोलता ते दुसऱ्या बाजूला लिहा. ‘पानी’समोर ‘पानी’च येईल, ती ओळ खोडून टाका. ‘र’च्या ओळी उरतील. तो शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तिन्ही ठिकाणी ‘ल’ होतो की एखाद्याच ठिकाणी, हेही नोंदवा. ‘र’ मुलांना उशिराच येतो, तरी सातव्या वर्षी तो अजिबात नसेल तर दाखवणे योग्य आहे. तेवढ्यापुरती शाळेची सूचना मान्य करावी.

दाखवायला जाल तेव्हा जिभेआधी त्याच्या दोन्ही कानांची तपासणी करून घ्या. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेले मूलही असेच अर्धवट ऐकते आणि जसे ऐकते तसे बोलते, आणि ते पाणी घरात कोणाच्याच लक्षात आलेले नसते.